परीक्षकांना टेबलावरून कसं उतरवावं

“मॅडम, हा माणसाले काहीच करत नाई जी,” वर्षा म्हणाली.

तिच्या काखेत कोंबडा होता. तांबूस काळा, मानेवर सोनेरी पिसं, नजर ठाणेदाराची. मूल गावातल्या आमच्या केंद्राचं कुलूप मी नुकतंच काढलं होतं, आणि तासाभरात बाहेरचे परीक्षक येणार होते.

“हा तुझ्या मामाचाच ना?”

“हो जी.”

“बाजारातला?”

वर्षानं पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. “हो जी.”

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडं ‘बाजारातला कोंबडा’ म्हणजे विकायचा कोंबडा नव्हे. कोंबडबाजार म्हणजे झुंजी. कोंबड्याच्या पायाला काती, म्हणजे लहानसं पातं, बांधतात आणि दोन कोंबडे समोरासमोर सोडतात. कायद्यानं बंदी आहे, म्हणून मामाचं नाव आणि गाव मी सांगणार नाही. कोंबड्याचं नाव पहिलवान होतं, ते सांगायला हरकत नाही. काती अर्थातच बांधलेली नव्हती. तेवढं मी आधी तपासलं.

आता कोंबडा परीक्षेला कशाला, ते सांगते.

मी विशेष शिक्षिका. वाढीत मागं राहिलेल्या, स्वमग्न, ऐकू कमी येणाऱ्या लहान लहान मुलांना मी वर्षानुवर्षं शिकवलं. आता अशा मुलांना शिकवायला निघालेल्या मुलामुलींना शिकवते. त्यांना आम्ही विद्यार्थी-शिक्षक म्हणतो. ते वर्ग घेतात आणि मी मागच्या कोपऱ्यात बसून निरीक्षण करते. निरीक्षण म्हणजे बघायचं आणि गप्प बसायचं. यातलं दुसरं मला अजून जमलेलं नाही.

वर्षा ही त्या तुकडीतली माझी सगळ्यात चांगली मुलगी. राहणारी नागभीडकडची. पोट्टे तिच्या अंगाखांद्यावर असायचे. चिडणारं, चावणारं, जमिनीवर लोळण घेणारं लेकरू हिच्याजवळ आलं की निवायचं. पण कोणी मोठा माणूस कागद-पेन घेऊन समोर बसला की बाई संपल्याच! गेल्या वर्षी अंतिम पाठाच्या वेळी परीक्षकांनी हिला नाव विचारलं, तर हिनं माझं नाव सांगितलं. नापास झाली. आता ही शेवटची संधी होती. यंदा गेली तर कोर्सच गेला. मग ती कितीही गुणाची असो, कोणत्याच केंद्रात तिला मुलांना शिकवायला उभं करता येणार नव्हतं. मला त्या काळात झोप लागत नव्हती, आणि मी तो राग सगळ्यांवर काढत होते.

अंतिम पाठासाठी तिनं रुद्रला निवडलं. मी कपाळावर हात मारला. चार वर्षांचा रुद्र स्वमग्न होता. बोलत नसे, पण आम्हाला त्याची घाई नव्हती. त्याची अडचण होती बसण्याची. खोलीत आला की भिंतीला एक हात लावायचा आणि गोल फिरायला लागायचा. घरी जेवतानाही आई ताट घेऊन मागं आणि हा पुढं. “अगं, बसणारं एखादं लेकरू घे ना!” मी म्हटलं. “बसणाऱ्याले मी काय शिकवू मॅडम?” ती म्हणाली. मी रुद्रचं नाव लिहून घेतलं.

पाठाच्या आधी पाठटाचण लिहावं लागतं, म्हणजे कोणत्या पायरीनं काय करणार ते. त्यात उद्दिष्ट असतं. उद्दिष्ट असं हवं की ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. ‘मुलाला गोडी लागेल’ असलं लिहिलं की मी लाल पेननं खोडते. वर्षानं लिहिलं, ‘रुद्र कृती संपेपर्यंत जागेवर बसून राहील.’ एकच ओळ. मला वाचूनच घाम फुटला.

आता साहित्य. आमच्या शास्त्रात लहान मुलाला आधी खरी वस्तू दाखवतात, मग खेळणं, मग चित्र, आणि सगळ्यात शेवटी शब्द. मोठे मास्तर उलटं करतात, तो वेगळा विषय. वर्षानं सरावात कोंबड्याचं चित्र दाखवून बघितलं. रुद्र फिरत राहिला. मातीचा कोंबडा दाखवला, तरी फिरत राहिला. मग शेजारून खरी कोंबडी आणली. रुद्र थांबला! पण कोंबडी थांबली नाही. ती खिडकीतून उडाली, ती थेट पलीकडच्या राइस मिलच्या कोंड्याच्या ढिगात. आमची मदतनीस बेबीबाई तिला शोधून परत आली तेव्हा भुवयांपासून पायापर्यंत कोंडाच कोंडा, आणि तोंडानं मला ऐकू जाईल असं बरंच काही.

म्हणून पहिलवान. वर्षाचा हिशेब बघा. घरचा कोंबडा माणूस दिसला की पळतो. झुंजीचा कोंबडा रोज माणसाच्या हातात असतो. मामा त्याला अंघोळ घालतो, मांडीवर घेऊन दाणे चारतो, त्याचे पाय चेपून देतो. (“माये पाय कदी नाई चेपले,” असं मामी म्हणाली म्हणे.) सगळ्या गावात याच्याइतका गरीब कोंबडा नाही.

“पण भांडतो ना तो?”

“दुसऱ्या कोंबड्यासंग भांडते मॅडम. इथी दुसरा कोंबडा कुठी आहे?”

मी चारी बाजूला बघितलं. दुसरा कोंबडा नव्हता. मुद्दा बिनतोड होता. मी हो म्हटलं.

बेबीबाईनं पहिलवानाच्या पायाला सुतळी बांधली आणि तिचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला. सुतळी मुलांच्या चटईपर्यंत पोचत नाही, हे दोनदा ओढून बघितलं. मग पहिलवानाला टोपल्याखाली झाकलं. सगळं कसं शिस्तीत.

परीक्षक सबनीस सर पुण्याहून आले होते. उंच, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं बातम्या दिल्यासारखं. आत आले, टोपल्यातून ‘कुक्’ असा आवाज आला आणि ते होते तिथंच थांबले.

“हे काय आहे?”

“शैक्षणिक साहित्य, सर,” मी म्हटलं.

“जिवंत?”

“सध्या तं जित्ता आहे जी,” बेबीबाई म्हणाली. सकाळपासून ती टोपल्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती मला ठाऊक होती.

“मला लहानपणापासून पक्ष्यांचं जरा... असो.” सरांनी खोलीतली त्यातल्या त्यात लांबची खुर्ची निवडली. ती टेबलामागं होती. सुतळी त्याच टेबलाला बांधली आहे हे त्यांना सांगावं, असं माझ्या मनात आलं होतं. पण परीक्षकांना फार बोललेलं आवडत नाही.

पाठ सुरू झाला. चटईवर तीन मुलं, दारात त्यांच्या आया, आणि रुद्र भिंतीला हात लावून फेऱ्यांवर. वर्षा सरांकडं बघायची आणि हातातलं टाचण उलटसुलट करायची. “मु... मुलांनो,” इतकं म्हणून ती थांबली. पुन्हा “मुलांनो.” सरांनी पेन उचललं. मी मागं बसून ओठ चावत होते. अगं, टोपलं उचल! टोपलं उचल!

तिनं टोपलं उचललं.

पहिलवान उभा राहिला, मान झटकली, पंख झाडले आणि असा काही बघायला लागला की आपण सगळे त्याच्या घरी पाहुणे. रुद्र भिंतीशी थांबला. हात खाली आला. तो चटईकडं आला आणि बसला. मांडी घालून! दारात त्याच्या आईनं पदर तोंडात कोंबला.

वर्षाला जरा धीर आला. तिनं पहिलवानाला मुरमुरे टाकले, मुलांना टाकायला दिले. पाठ रांगेला लागला. अजून थोडं असंच चाललं असतं तर मी बेबीबाईला चहा टाकायला सांगितलं असतं. तेवढ्यात सर म्हणाले, “तुमच्या पाठटाचणात पुढची पायरी आरसा अशी आहे. ती का गाळताय?”

आमच्या प्रत्येक केंद्रात एक मोठा आरसा असतो. मुलांना ओठांचा आकार दिसावा म्हणून. ‘को’ म्हणताना ओठ गोल करायचे, तर आपले ओठ आपल्याला दिसायला हवेत ना! एरवी त्यावर चादर टाकून ठेवतो, नाहीतर मुलं स्वतःचंच तोंड बघत तिथं चिकटतात. आमचा आरसा टेबलाशेजारी भिंतीला टेकवून ठेवला होता.

वर्षानं माझ्याकडं बघितलं. माझ्या डोक्यात फक्त मार्क होते. मी मान हलवली. घे, घे, आरसा घे.

तिनं चादर ओढली.

पहिलवानानं मान वर केली, आणि समोर त्याला दुसरा कोंबडा दिसला. तांबूस काळा, सोनेरी मानेचा, माजोरडा. मानेची पिसं छत्रीसारखी उघडली. त्या क्षणी मला कळलं, वर्षाला कळलं, बेबीबाईला कळलं. “अव्वो माय!” एवढंच ती म्हणाली, आणि पहिलवान उडाला.

ठण्ण! आरशावर दोन्ही पाय. आतल्या कोंबड्यानंही बरोबर तेव्हाच लाथ मारली, त्यामुळे पहिलवान आणखी चिडला. पिसं उडाली. मुलं किंचाळत आयांकडं पळाली, आया मुलांना घेऊन अंगणात. वर्षा धरायला गेली, तर पंखाचा असा फटका बसला की तिचा हात मागं आला.

इथं सबनीस सरांनी मदत करायचं ठरवलं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांचं निदान अगदी बरोबर होतं. “आरसा हलवा! आरसा हलवा!” असं ओरडत त्यांनी स्वतःच तो उचलला आणि छातीशी घट्ट धरला. काच बाहेरच्या बाजूला.

आता शत्रू सरांच्या छातीवर होता.

सर मागं सरकले, खुर्चीवर चढले, खुर्चीवरून टेबलावर. सगळ्या खोलीत सुतळी जिथं हमखास पोचेल अशी जागा एकच होती, आणि सर तिच्यावर उभे होते.

“सर, आरसा फिरवा!” मी ओरडले.

सर स्वतःच फिरले. आम्हाला पाठ दिसायला लागली. पहिलवान टेबलाला वळसा घालून पलीकडं गेला. शत्रू हजर! सर पुन्हा आमच्याकडं फिरले. पहिलवानही आला.

“तुम्ही नका फिरू! आरसा फिरवा!”

“म्हणजे काय करू?”

बेबीबाईनं चादर उचलली. कोंबड्यावर चादर टाकली की तो गप बसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तिनं नेम धरून टाकली. चादर सरांच्या डोक्यावर पडली. आतून आवाज आला, “अंधार झालाय!”

“सर, सोडून द्या तो आरसा!”

“फुटेल! डेडस्टॉकच्या रजिस्टरला नोंद असेल!”

“मरू दे ती नोंद! सोडा!”

“नाई मॅडम,” वर्षा म्हणाली. “काच फुटली तर? पोट्टे अनवाणी आहेत.”

मी तिच्याकडं बघितलं. आता ती अडखळत नव्हती. ती टेबलाजवळ गेली होती, पहिलवानाला पायानं बाजूला सारत. आणि तिनं बोलायला सुरुवात केली ती तिच्या वर्गातल्या आवाजात. हा आवाज मला ठाऊक होता. लेकरू झाडावर चढून बसतं, दाराला कडी लावून घेतं, तेव्हाचा तो आवाज.

“सर.”

“काय? काय?”

“मी वर्षा. मी इथंच आहे. आता डोक्यावरची चादर काढणार आहे.” तिनं हात उंच करून चादर ओढून घेतली. “माझ्याकडं बघा. कोंबड्याकडं नाही, माझ्याकडं.”

सरांनी तिच्याकडं बघितलं.

“शाब्बास.”

आमच्याकडं एक पद्धत आहे. मुलाला ‘शर्ट घाल’ म्हटलं की ते गोंधळतं, कारण शर्ट घालणं म्हणजे दहा कामं. मग त्या कामाचे तुकडे करायचे, एका वेळी एकच तुकडा सांगायचा, नाही जमलं तर त्याच्या हातावर आपला हात ठेवून करून घ्यायचं, आणि जमलं की लगेच कौतुक. हे मी परीक्षेपुरतं शिकवते. परीक्षकांवर वापरलेलं आजवर बघितलं नव्हतं.

“आता डावा हात सैल करा. हा नाही, तो. शाब्बास. आता माझा हात तुमच्या हातावर.” तिनं खुर्चीवर एक पाय ठेवून वर हात पोचवला. “आता आपण दोघं मिळून फिरवू. काच तुमच्या पोटाकडं. हळू. हळू. झालं!”

काच सरांच्या पोटाकडं गेली. शत्रू गायब. पहिलवानानं टेबलाखाली बघितलं, खुर्चीखाली बघितलं, मग मान ताठ करून अशी बांग दिली की राइस मिलमधली माणसं बाहेर आली. जिंकला होता तो. मग शांतपणे मुरमुरे टिपायला लागला. वर्षानं त्याला उचललं, पाठीवरून हात फिरवला आणि बेबीबाईकडं दिला. “टोपल्याखाली ठेवजा, बेबीबाई. टोपल्याखालीच.”

“मी कुठी नेऊन राह्यली?” बेबीबाई म्हणाली.

राहिले सर. आरसा वर्षानं काढून घेतला होता, पण खाली उतरायला ते तयार नव्हते. टेबल जरा डुगडुगत होतं.

“उजवा पाय खुर्चीवर,” वर्षा म्हणाली. “शाब्बास. माझा खांदा धरा. आता डावा. शाब्बास! आता जमिनीवर. वा!”

सर जमिनीवर पोचले. दारातून डोकावणाऱ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या वर्गात ‘वा’ म्हटलं की टाळ्या वाजवायच्याच असतात. आणि वर्षाचा हात सवयीनं वाटीत गेला. तिनं सरांच्या तळहातावर चार मुरमुरे ठेवले. सरांनी ते खाल्ले.

मला हसू दाबताना उचकी लागली. तोंडावर रुमाल धरून मी मागं वळले, आणि तेव्हा दारातून रुद्रच्या आईचा आवाज आला. अगदी हळू.

“मॅडम... रुद्रले पाहा जी.”

रुद्र चटईवर बसला होता. मांडी घालून, हात गुडघ्यांवर, डोळे टेबलाकडं. मुलं पळाली, आया पळाल्या, मी उठले, बेबीबाई धावली, परीक्षक टेबलावर गेले. त्या खोलीत आपल्या जागेवर असलेला माणूस तो एकटा होता. त्याची आई रडत होती. “जेवाले बी बसत नाई हो मॅडम,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. माझंही हसू कुठं संपलं आणि रडू कुठं सुरू झालं, मला सांगता येणार नाही.

सरांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन, शर्ट खोचून ते खुर्चीवर बसले. आणि पुन्हा बातम्यांचा आवाज.

“मॅडम, हा पाठ नव्हता. अपघात होता.”

“होय सर.”

“उद्दिष्टाचा आणि याचा संबंध काय?”

मी तोंड उघडलं. वर्षा माझ्या आधी बोलली. “सर, उद्दिष्ट असं आहे, रुद्र कृती संपेपर्यंत जागेवर बसेल.”

“आणि कृती कधी संपली, असं तुमचं म्हणणं?”

“तुम्ही खाली उतरलात तेव्हा, सर.”

मी मनात म्हटलं, गेली पोट्टी. गेली कामातून! सरांनी तिच्याकडं बघितलं, चटईकडं बघितलं. रुद्र अजून बसलाच होता.

“उद्या पाठ घ्यायचा झाला तर काय बदलाल?”

गेल्या वर्षी याच प्रश्नाला हिनं छताकडं बघितलं होतं. आता ती बोलायलाच लागली. आरसा खोलीबाहेर. कोंबडा रोज थोडा थोडा लांब. शेजारी कोंबड्याचं चित्र. आधी कोंबडा बघायला बसतोय, मग चित्र बघायला, मग नुसतंच जेवायला. घाई करायची नाही, चित्राला तो उठला तर पुन्हा कोंबडा. मध्येच “समजलं ना सर?” असंही तिनं विचारलं. मी डोळे मिटून घेतले.

“समजलं,” सर म्हणाले. आणि मग त्यांना हसू आलं. आधी नाकातून, मग मोठ्यानं, शेवटी टेबलावर डोकं ठेवून. “माझ्या बायकोला सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही,” म्हणाले.

मार्क लगेच सांगायचे नसतात. पण एसटी स्टँडवर जाताना सर मला म्हणाले, “हिला पुढच्या तुकडीच्या मुलींजवळ बसवा. त्यांना शिकू द्या.” नापास मुलीबद्दल असं कोणी बोलत नाही. स्टँडवरून येताना मी भर रस्त्यात स्वतःशीच हसत होते, आणि ओळखीचे लोक बाजूला होऊन वाट देत होते.

वर्षा पास झाली. रुद्रला चित्रापुढं बसायला बराच वेळ लागला, कितीतरी वेळा तो उठून भिंतीकडं गेला, आणि तितक्या वेळा मामाच्या घरून टोपलं आणावं लागलं. बेबीबाईची निराशा झाली. पहिलवान शेवटपर्यंत जित्ताच राहिला. आता रुद्र ताटावर बसतो. भात संपेपर्यंत.

मूलचं केंद्र आता वर्षा सांभाळते, नव्या मुली तिच्या हाताखाली. परवा पाठाच्या आदल्या दिवशी एक पोट्टी रडवेली होऊन तिच्याजवळ आली. “ताई, परीक्षक लई कडक आहेत म्हणते. मी कशी बोलू जी त्यायच्यासंग?”

मी मागच्या कोपऱ्यात निरीक्षण करत होते.

“घाबरू नको,” वर्षा म्हणाली. “आधी त्यायले बसव, पाणी दे. मंग सोप्या शब्दांत सांगजो, एका वेळी एकच गोष्ट. अन् समजलं त्यायले, का शाब्बास म्हणजो.”